ओटेवाले इमामसाब

कानडी मला नवऱ्यानं शिकवली नाही आणि सासूनंही नाही. ती मला एका ओट्यानं शिकवली.

कळंबसारख्या निव्वळ मराठी बोलणाऱ्या गावातून मी लग्न होऊन मुरुमला आले, तेव्हा जर्मनीची लढाई चालू होती, राज्य निजामाचं होतं आणि माझ्या सासरी घरात सगळे कानडी बोलत. बाहेरच्यांशी मराठी, कचेरीत उर्दू आणि घरात कानडी, असा तिथला रिवाज. मला त्यातलं ‘अव्वा’ आणि ‘अप्पा’ एवढंच कळायचं, कारण सासूला अव्वा आणि सासऱ्यांना अप्पा म्हणायचं हे आईनं निघताना माझ्याकडून घोकून घेतलं होतं. बाकी सारा वेळ मी मान हलवायची. एकदा मान हलवून मी अख्ख्या घराची ज्वारी एकटीनं दळायचं कबूल केलं होतं, हे मला जात्यासमोर बसवल्यावर कळलं.

धान्य निवडायला आमच्याकडे एक अंधारी खोली होती. तिच्या झरोक्याखाली, भिंतीच्या पलीकडे, बरोबर रस्त्यावरचा ओटा. सकाळी तूर निवडत बसलं की ओट्यावरचं सगळं बोलणं खोलीत उतरायचं. हैदराबादेहून येणारं वर्तमानपत्र पोस्टातले एक गृहस्थ मोठ्यानं वाचत. बातमी उर्दूत वाचली जायची, तिचा अर्थ मराठीत सांगितला जायचा आणि त्यावरचं भांडण कानडीत व्हायचं. एकच गोष्ट तीनदा ऐकल्यावर दगडालाही समजेल. सहा महिन्यांत मी कानडीत भांडण करण्याइतकी तयार झाले, आणि अव्वांना त्याचा पहिला अनुभवही आला.

हा ओटा बांधला इमामसाब मिस्त्रींनी. आमचाच नव्हे, आमच्या पेठेतले जवळजवळ सगळे ओटे त्यांच्याच हातचे. मुरुमला गवंडी आणखीही होते. पण घर कुणीही बांधो, ओटा इमामसाबनीच बांधायचा असं ठरून गेलं होतं. शेणाचा हात देवघराला कुणी द्यायचा हे जसं घरात ठरलेलं असतं तसं.

माणूस काळासावळा, काटक. डोक्याला मळकं मुंडासं, गळ्यात गाठी मारलेला सुताचा दोरा. चुन्यानं बोटांची टोकं कायमची फाटलेली, म्हणून सुपारी कातरायची ती दुसऱ्यानं कातरून द्यावी लागे. चालताना कुठलीही भिंत आली की मधल्या बोटाचं पेर तिच्यावर टकटक वाजवून बघायचे, मग ती भिंत देवळाची असो की कचेरीची. वाजवून झालं की एक तर ‘हां’ म्हणायचे किंवा ‘हं’. ‘हां’ म्हणजे बरी आहे. ‘हं’ म्हटलं की त्या घरच्या माणसाला झोप लागत नसे.

त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. “घर मालकाचं, वटा गावाचा. भितीला कान असत्यात म्हणतेत, खरं हाय. पर वट्याला तोंड असतंय. वटा न्हाय त्या गल्लीत माणसं मुकी व्हत्यात.” कुणी नव्या चालीचं घर मागू लागला, पुढं नुसती सरळ भिंत आणि मधोमध दार, तर ते गज उचलून चालू लागत. “असलं घर बांधायला म्या कशाला? कोंडवाडा बांधणाऱ्याला बोलवा.”

ओट्याचं माप घ्यायची त्यांची रीत साऱ्या तालुक्यात कुणाची नसेल. गजानं ते ओटा मोजतच नसत. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस बाहेर बोलवायचे, त्याच्याखाली एकावर एक पाट रचायचे आणि टाच जमिनीला सपाट टेकून गुडघा बरोबर काटकोनात आला की पाटांच्या थराला दोरा लावून गाठ मारायचे. ती ओट्याची उंची. कारण म्हाताऱ्याला उठता-बसता त्रास झाला नाही तर तो दिवसभर बाहेर बसेल, आणि म्हातारा बाहेर बसला की गल्लीला राखणदार मिळेल. रुंदीसाठी दोन माणसं मांडी घालून समोरासमोर बसवायची आणि मध्ये पानदान ठेवायचं. बस्स. “याच्यापक्षा मोठा केला की माणसं लांब बसत्यात. लांब बसली की वरडून बोलत्यात. वरडून बोलली की भांडण.”

ओट्यावर सगळ्यांना जागा होती असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलायचं? ज्यांनी वर बसू नये असं गावानं ठरवलेलं होतं ते खालीच उभे राहत. इमामसाब त्याला तोंडानं काही म्हणत नसत. पण प्रत्येक ओट्याच्या रस्त्याकडच्या टोकाला, ओट्याला चिकटून तरी ओट्याच्या बाहेर, ते एक घडीव दगड बसवायचे. विचारलं तर म्हणायचे, “वट्याला टेकू हाय.” त्या टेकूवर कुणीही बसे. टेकू ओट्याचा नाही म्हणून मालकाला बोलता येत नसे आणि रस्त्याचा नाही म्हणून कचेरीलाही.

आमच्या ओट्याची गोष्ट सांगायची तर तिच्यात थोडा दोष माझ्या माहेरचाही येतो. लग्नानंतर मला सोडायला माझे मामा आले होते आणि पाहुणचार आवडल्यामुळे राहिले होते. मामा उंचीनं घराच्या चौकटीला पुरून उरणारे, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. माझे सासरे अप्पा बेताचे, मामांच्या छातीला लागतील एवढेच. इमामसाब माप घ्यायला आले तेव्हा अप्पा दुकानात होते आणि मामा चौकात तक्क्याला टेकून आमच्याच गड्याला दरडावत होते. इमामसाबना वाटलं, हेच घरातले वडील. त्यांनी मामांना पाटांवर बसवलं. मामांनाही वाटलं, व्याह्यांच्या गावची काही मानपानाची रीत असेल. त्यांनी टाच टेकवली, गुडघा काटकोनात आणला, वर पानाचा विडा घेतला आणि दुसऱ्या दिवशी कळंबला निघून गेले.

ओटा झाला. वर शहाबादी फरशी, कडेला काळा घडीव दगड. शुभ दिवस बघून अप्पा पहिल्यांदा त्यावर बसले आणि त्यांचे दोन्ही पाय हवेत राहिले. पेठेतला एवढा वजनदार व्यापारी, खांद्यावर उपरणं, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि खाली पाय शाळेतल्या पोरासारखे लोंबकळताहेत. जमलेल्या माणसांतून कुणीतरी आधी खोकलं, मग कुणालाच खोकला आवरेना.

इमामसाब धावत आले. दोरा काढला, गाठ बघितली, अप्पांचा गुडघा बघितला. “ह्ये माप तुमचं न्हाय, अप्पा. म्या कुणाचं घेतलं मग?” उलगडा झाला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “उद्याच पाडतो. पदरचा चुना घालतो.” अप्पांनी लोंबते पाय वर घेऊन मांडी घातली. मग म्हणाले, “पाडू नका, मिस्तरी. व्याह्यांचं माप पाडलं म्हणत्याल लोकं.” इमामसाबनी रातोरात नाही, पण दोन दिवसांत अप्पांच्या पायांखाली एक सपाट पायरी बसवून दिली. ती बसेपर्यंतचे दोन दिवस अप्पा दुकानातल्या माणसांवर अजिबात ओरडले नाहीत, असं आमचा गडी सांगे. पाय हवेत असताना माणसाला रागावता येत नाही. पेठेत त्या ओट्याला ‘कळंबकरांचा ओटा’ म्हणू लागले आणि मी पदराआड हसून हसून बेजार व्हायची. नव्या सुनेला सासरी एवढं बळ कुणाच्या मामानं दिलं नसेल.

इमामसाब लबाडही होते, हे सांगायला हवं. आमच्या शेजारच्या दोन भावांची वाटणी झाली. घरात भिंत उभी राहिली, परसात राहिली, आणि दोघंही हट्टाला पेटले की ओट्यावरही राहिली पाहिजे. वटा तोडू नका म्हणून इमामसाबनी पुष्कळ विनवलं. ऐकेनात, तेव्हा गुमान भिंत घातली. चार दिवसांनी एका शेळीनं अंग घासलं आणि भिंत पडली. पुन्हा घातली. या खेपेला मोठ्या भावानं टेकून जांभई दिली आणि ती पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा धाकटा म्हणाला, “मिस्तरी, घरातली भित तर तुमी तोफंला ऐकणार न्हाय अशी घातली. हीच का पडती?”

इमामसाबनी ओट्यावर पेर वाजवलं. “हं,” म्हणाले. “जागा वंगाळ हाय, सावकार. हितं भित धरत न्हाय. माती येगळी हाय हितली.”

दोघा भावांनी मातीचं नशीब म्हणून सोडून दिलं. आधी ते ओट्याच्या दोन टोकांना पाठमोरे बसत. पुढं मोठ्याला पोस्टातल्या गृहस्थांचं वाचणं नीट ऐकू येईना म्हणून तो थोडा आत सरकला. वर्षभरात पानदान एक झालं. तिन्ही खेपेला भिंतीत चुना घातलाच नव्हता, नुसता मातीचा चिखल होता, हे इमामसाबच्या बायकोनं, हाजराबीनं, आम्हा बायकांना आडावर सांगितलं तेव्हा कुठं आम्हाला कळलं. पेठेतल्या पुरुषांना ते कधीच कळलं नाही.

सगळं असं गोडीत चाललेलं असताना हुकूम आला. भुईमूग आणि तूर न्यायला लॉऱ्या येऊ लागल्या होत्या. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून पाठीमागं कोळशाची भट्टी लावलेल्या, धूर ओकणाऱ्या लॉऱ्या. त्या आमच्या पेठेतून थेट अडत्यांच्या गोदामापर्यंत गेल्या पाहिजेत, म्हणून पेठेतले ओटे दोन्ही बाजूंनी दीड दीड हात तोडायचे असं वरून ठरलं. एक साहेब आले. नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही सांगत नाही. बरोबर दोन शिपाई आणि गेरूचं डबडं. प्रत्येक ओट्यावर त्यांनी दीड हातावर गेरूची रेघ मारली. दीड हात गेला म्हणजे ओटा उरणार अर्धा. अर्ध्या ओट्यावर माणूस बसत नाही, फार तर कोंबडी बसेल. टोकाचे टेकू तर सगळेच जाणार होते.

आणि हे तोडकाम करायला साहेबांनी बोलावलं कुणाला? इमामसाबना. त्यांच्याइतका दगड कुणाला सुटा करता येणार?

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर पेठ जमली. मी झरोक्याशी तुरीचं सूप घेऊन बसले, निवडलं काहीच नाही. कुणी म्हणालं अर्ज करू, कुणी म्हणालं हैदराबादेला माणूस पाठवू, कुणी म्हणालं साहेबाला जेवायला घालू. इमामसाब खाली रस्त्यावर उभे होते.  शेवटी अप्पाच म्हणाले, “मिस्तरी, तुमी काहीतरी बोला.”

“काय बोलू, अप्पा? हातोडा माझा, दगडं माझी. लेकराचं हातपाय तोडायला बापालाच बोलीवलंय.”  मला आतल्या आत रडू आलं. परक्या पुरुषासाठी रडू येण्याची ती माझी पहिलीच वेळ असेल.

दुसऱ्या दिवशी मात्र ते सकाळीच साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. अप्पा बरोबर होते, त्यांनीच नंतर घरी सांगितलं. इमामसाब म्हणाले, “हुजूर, सरकारला वटे नको हायत का सरकारला लारी जायला पायजे?”

“लॉरी जानी चाहिये,” साहेब म्हणाले.

“मग लारी आणा. जितं घासंल तितं पाडतो. जितं घासणार न्हाय तितं गेरू पुसून टाका.”

साहेबांना तरी ओट्यांशी काय वैर होतं? दगड तोडायचे, उचलायचे, सगळा व्याप त्यांच्याच माथी. ते कबूल झाले.

बाजार नसलेला दिवस धरून लॉरी आली. आम्ही बायका माळवदावर चढलो. आमच्याकडची घरं मातीच्या सपाट छपरांची, एकाला एक लागून. पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माळवदांवरून चालत जाता येतं. लॉरीनं आधी अर्धा तास नुसता धूर काढला. मग हलली. आणि लॉरीच्या पुढं, तोंड तिच्याकडे करून, इमामसाब उलट्या पावलांनी चालत निघाले. दोन्ही हात पसरलेले, डाव्या हातानं डावा ओटा दाखवताहेत, उजव्या हातानं उजवा. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि इमामसाब “आनू द्या, आनू द्या, चार बोटं हायत” म्हणत होते. पहिला ओटा सुटला. वाण्याचा सुटला. त्या भावांचा सुटला. आमच्या ओट्यापाशी लॉरीचं लाकडी फळकूट अप्पांच्या पायरीला वारा घालून गेलं, लागलं नाही. प्रत्येक ओटा सुटला की माळवदावरून आम्ही आणि खालून पोरं असा एकच गिल्ला करायचो. साहेबही टोपी मागं सारून बघायला लागले होते. गेरूचं डबडं शिपायानं केव्हाच खाली ठेवलं होतं.

सगळी पेठ सुटली. आता वळण, वळणावरचं शेवटचं घर, की पुढं गोदाम. इमामसाब वळले, लॉरी वळली आणि कर्रर्र असा आवाज झाला. लॉरी अडकली. पुढं जाईना, मागं येईना.

ती ज्या ओट्याला अडकली तो ओटा इमामसाबचा स्वतःचा होता.

 मग त्या भावांतला थोरला पुढं झाला. त्यानं ओटा वितीनं मोजला. दुसऱ्यांचे ओटे दोन माणसं आणि एक पानदान, आणि हा ओटा चांगली पाच माणसं मावतील असा, रस्त्यात दीड हात घुसलेला. थोरल्यानं विचारलं, “मिस्तरी, ह्ये कुणाच्या मापाचं वो?”

इमामसाब ओट्याकडं बघत राहिले. सगळ्या पेठेचं माप घेणाऱ्या माणसानं आपल्या दाराचं माप कधी घेतलंच नव्हतं. मग ते हसायला लागले. आधी हळू, मग मुंडासं हातात घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “ह्ये हौसंच्या मापाचं, सावकार,” ते म्हणाले. “माझ्या बापाला आयुष्यात कुणी वट्यावर बस म्हटलं न्हाय. म्हटलं, आपला झाला की लई मोठा करू.”

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. 

इमामसाबनी घरातून पहार मागवली. अप्पा, ते दोन्ही भाऊ, सगळे म्हणायला लागले की थांबा, ड्रायव्हरला दुसऱ्या बाजूनं वळवून बघू दे. पण ते थांबले नाहीत. “जबान दिलीय. जितं घासंल तितं पाडतो म्हटलंय.” वळणावरचा ओटा अर्धा ठेवून भागण्यासारखं नव्हतं, त्याचा पायाच तिरका होता. दुपार कलेपर्यंत त्यांनी तो पुरा सुटा केला. एक दगड फुटला नाही. लॉरी धूर सोडत गोदामाकडं गेली. शिपायानं सगळ्या ओट्यांवरचा गेरू ओल्या फडक्यानं पुसला, आणि हाजराबी आतून उंबऱ्याशी येऊन बघते तर दाराबाहेर थेट रस्ता.

पेठ वाचली आणि पेठ वाचवणाऱ्याला बसायला जागा राहिली नाही. असं नाही की लोकांनी बोलावलं नाही. जो तो हाक मारी, “या मिस्तरी, हितं बसा.” मानाची जागा देत, सुपारी कातरून देत. ते बसत. दोन शब्द बोलत आणि उठत. अप्पांनी एकदा हाताला धरून बसवलं तेव्हा म्हणाले, “दुसऱ्याच्या वट्यावर पाव्हण्यागत वाटतंय, अप्पा. पाव्हण्यानं लई बसू न्हाय.” त्यानंतर संध्याकाळी ते दारात उभे दिसायचे, एक हात चौकटीला. पेर वाजवत नसत.

सुटे केलेले दगड भिंतीला लावून ठेवलेले होते. पुष्कळांनी मागितले, चांगला मोबदला देऊ म्हणाले. त्यांनी कुणाला दिले नाहीत.

त्या दगडांचा प्रश्न सुटला तो आडावर. पेठेच्या मागच्या बोळात पाण्याचा आड होता. दोन रहाट, एक आमच्या लोकांचा, एक मुसलमान घरांचा. दोन्हीकडच्या बायका घागरी कमरेवर घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या. पुरुषांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओटे, आणि आमचं सगळं सुखदुःख उभ्यानं. हाजराबी जिभेची तिखट. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सुनावलं आणि आडावर येऊन आम्हाला सुनावलेलं सांगितलं, “म्या म्हणलं, तुमच्या वट्याला तोंड हाय म्हणता, आन आमच्या तोंडाला वटा न्हाय. ती दगडं काय माज्या मैताला ठिवलीत का?”

 तिसऱ्या दिवशी निरोप आला, आडाच्या भिंतीशी बायकांसाठी ओटा होणार. आता आली पंचाईत. ओटा मापाशिवाय नाही, आणि परक्या बायकांना पाटावर बसवून गुडघ्याला दोरा कसा लावणार? शेवटी त्यांनी गेरू कालवून एक वाडगं आडाशी ठेवलं आणि हाजराबीकडून सांगून पाठवलं, “जिनं तिनं भितीला लागून उभं ऱ्हावा, आपल्या गुडघ्याइतकी रेघ मारा, आन घरी जावा. म्या सकाळी बघतो.”

झालं, त्या भिंतीची दैना उडाली. मी माझी रेघ मारली. उंच असल्यामुळे ती जरा वरच गेली. माझ्या जावेनं मारली. अव्वा म्हणाल्या, वयानं मोठी मी, माझ्याच मापाचा होईल, आणि त्यांनी सर्वांत खाली ठसठशीत रेघ ओढली. हाजराबी म्हणाली, दगडं माझ्या घरची, आणि अव्वांच्या रेघेशेजारी आपली ओढली. कुणीतरी तान्ह्या मुलीचा गुडघा टेकवून एक टिकली काढली. सकाळपर्यंत भिंतीवर एकही मोकळी जागा नव्हती.

इमामसाब त्या भिंतीपुढं उकिडवे बसून राहिले ते ऊन वर येईपर्यंत. एकीचं माप धरलं तर बाकीच्या जणी त्यांना जगू देणार नव्हत्या. मग त्यांनी बांधला तो ओटा असा, की या टोकाला उंच, मग एक पायरी खाली, मग आणखी एक, आणि त्या टोकाला अगदी ठेंगणा. ज्या ओट्याला लॉरी अडली त्याचे सगळे दगड त्यात बसले.

त्यातून झालं काय, तर आजवर आम्ही बायका ज्या दोन रहाटांच्या दोन बाजूंना उभ्या राहायचो, त्या आता उंचीप्रमाणे बसायला लागलो. दुसरा इलाजच नव्हता. चुकीच्या पायरीवर बसलं की गुडघे तोंडाशी यायचे नाही तर पाय लोंबायचे. अव्वा आणि हाजराबी दोघीही ठेंगण्या, त्या खालच्या टोकाला खांद्याला खांदा लावून. पहिल्या दिवशी अव्वांनी पदर आवरून घेतला. दुसऱ्या दिवशी विसरल्या. महिनाभरात अव्वा हाजराबीकडून अंबाडीच्या भाजीत काय घालायचं ते विचारू लागल्या आणि घरी येऊन ते आपलंच म्हणून सांगू लागल्या. हे कुणी शिकवलं नव्हतं, कुणी उपदेश केला नव्हता. मला आजही वाटतं की माणसं चांगली-वाईट असतात हे खरंच, पण त्यांना कुणी कसं बसवलं यावरही पुष्कळ असतं.

लढाई संपली. माझ्या नवऱ्यानं सोलापुरात दुकान धरलं आणि आमचं मुरुम सुटलं. निघायच्या दिवशी सकाळी गाडी जुंपेपर्यंत एक शेवटची घागर आणावी म्हणून मी एकटीच आडावर गेले. नुकतं उजाडलं होतं. बायका यायच्या होत्या. आणि त्या ओट्याच्या मधल्या पायरीवर इमामसाब बसलेले होते.

पुरुष तिकडं कधी फिरकत नसत. मला बघताच ते चोरी पकडल्यासारखे उठले. “दगडं हालत्यात का बघत हुतो,” म्हणाले आणि मुंडासं सारखं करत वाट सोडून उभे राहिले.

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पेठेतल्या सुनांनी बोलायची रीतच नव्हती. पण त्या दिवशी मी पदर तेवढा पुढं ओढला आणि बोलले, “हलत न्हाईत. बसा, मिस्तरी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बोळाच्या दोन्ही टोकांना. मग बसले. टाचा जमिनीला सपाट, गुडघे बरोबर काटकोनात, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी पाठ करून घागर भरली, मुद्दाम सावकाश. भरून वळले तेव्हा ते जरा मागं रेलले होते आणि आपल्या दारात बसलेला माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला विचारतो तशा मोकळ्या आवाजात त्यांनी मला विचारलं,

“काय वो बाई, कुठं निघालात एवढ्या सकाळी?”

पेठेतून गाडीवानाच्या हाका येत होत्या. मी घागर खाली ठेवली, वरच्या पायरीवर टेकले आणि सांगायला लागले.